मुलगी हुडकून देणारी कंपनी

ज्ञानेश्वरी सापडली नाही. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालू. कारण त्या सोमवारी सकाळी अकरा वाजता ती सापडायला फक्त एक बटण दाबायचं बाकी होतं, आणि त्या बटणावर संघप्रियाचं बोट होतं.

धाराशिवात एका पतपेढीच्या माडीवर 'हुडक' ही कंपनी चालायची. सुरजनं ती काढली तेव्हा हेतू नितळ होता: यात्रेत चुकलेली म्हातारी माणसं घरी पोचवायची. संघप्रिया संगणकाचं सगळं बघायची. पहिल्या वर्षी अकरा म्हाताऱ्या सापडल्या. त्यातल्या चार हरवल्याच नव्हत्या, सुनांना कंटाळून बसल्या होत्या. असल्या धंद्यात पैसा कोण घालणार?

मंगल कार्यालयवाल्या माणिकप्पांनी घातला, आणि कंपनीचं तोंडच फिरवलं. आता कंपनी मुलींची चौकशी करू लागली. ती कुणाशी बोलते, त्याची जात काय, पळाली तर गेली कुठं. त्यासाठी सोशल नेटवर्कवरची माहिती हवी. ती स्टीलच्या डब्यानं मिळाली. मोबाइलवर कंपनीच्या परवानगीपुढं 'मान्य' दाबायचं, डबा फुकट न्यायचा. जिल्ह्यात ईट गावापासून माकणीपर्यंत लोकांनी आपल्यासकट सगळ्या मित्रांची, सोयऱ्यांची माहिती देऊन टाकली. काहींनी दोनदा दिली, पहिल्या डब्याचं झाकण बसत नव्हतं म्हणून.

आणि शनिवारी माणिकप्पांच्याच चोवीस वर्षांच्या ज्ञानेश्वरीनं सुगत नावाच्या बौद्ध मास्तराशी नोंदणी लग्न केलं आणि ती निघून गेली. माणिकप्पांनी पोलिसात मुलगी हरवल्याची तक्रार दिली आणि स्वतः इथं येऊन बसले.

"दाब की गं," सुरज कुजबुजला.

खाली दोन गाड्या चालूच होत्या.

"म्या काय मारणार हाय व्हय तिला?" माणिकप्पा म्हणाले. "समजावून आणायचंय."

"समजवायला दोन गाड्या आन् सहा बॅटी कशाला, आप्पा?"

"वाटंत पोरं खेळतील."

संघप्रियानं बोट हलवलं नाही.

"सुगत तुमच्यातला हाय म्हणून हात आखडतोय व्हय?"

"करिश्मा तर तुमच्यातली होती," ती म्हणाली. "तिला म्याच हुडकून दिली, येडशी स्टेशनावर. घरच्यांनी आपल्याला पाच तारे दिले. 'लई जलद सेवा' असं लिव्हलं. पंधरा दिवसांत तिचा दहावा झाला. विहिरीवर पाय घसरला म्हणं."

सुरज खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"मुकाट्यानं दाब," माणिकप्पा उठून उभे राहिले.

तिनं दाबलं. पण शेजारचं. लोकांनी दिलेल्या सगळ्या परवानग्या एका फटक्यात रद्द झाल्या, गोळा केलेली माहिती पुसली गेली. पडद्यावर जिल्ह्याची माणसं भराभर कमी होत शून्यावर आली.

"अगं, कंपनी मारलीस तू!" सुरज ओरडला.

"व्हय. कंपनीच मारली."

माणिकप्पा शिव्या देत जिना उतरले. कुठं जायचं हे ठाऊक नसल्यानं गाड्या तशाच घुरघुरत राहिल्या. संघप्रियानं कोरा कागद ओढला आणि लिहिलं:

"मा. पोलीस निरीक्षक साहेब यांचे सेवेशी. विनंती अर्ज सादर करते की, ज्ञानेश्वरी ही सज्ञान असून स्वखुशीने नांदत असल्याने 'हरवलेली व्यक्ती' या रकान्यातून तिचे नाव वगळावे, व तेथे तिचे वडील माणिकप्पा यांचे नाव दाखल करावे. ते शनिवारपासून, कदाचित त्याही आधीपासून, वडील म्हणून कोठेही आढळून आलेले नाहीत. तरी त्यांचा कसोशीने शोध घ्यावा, व सापडल्यास मुलीस विचारून, तिची इच्छा असेल तरच, त्यांना तिच्या ताब्यात द्यावे, ही नम्र विनंती."