खंडेनवमीची पूजा आणि शिरूरचा लेसर

बुधवार, ८ ऑक्टोबर २००८. दुपारी सव्वाबाराला शिरूरहून दौंडला येणारा सिग्नल बिघडला. फायबरमधून प्रकाश येत होता. तो वाचता येत नव्हता.

दौंडच्या भाड्याच्या खोलीत अनुपमा रिसीव्हरसमोर एकटी होती. तो तिने तीन वर्षं खपून बनवला होता. ग्राहक कंपनीचे अभियंते तो पाहायला पुण्याहून निघाले होते. आज चालला नाही तर प्रकल्प बंद, हे ठरलेलं होतं.

माहिती प्रकाशलहरीच्या फेजमध्ये भरली होती, म्हणजे लहर तिच्या फेऱ्यात नेमकी कुठे आहे यात. लेसर थरथरला की फेज सरकते. प्रकाश ठोक्याठोक्याने येतो, प्रत्येक ठोक्यात थोडी माहिती; रिसीव्हर मागच्या ठोक्यांची सरासरी काढून ती सरक वजा करतो. आज त्याला ती गाठता येत नव्हती.

तिने शिरूरला अफताबला फोन लावला. लेसरची पेटी त्याच्याकडे होती.

"पेटी कुठे आहे?"

"जनरेटरच्या चौथऱ्यावर, मॅडम. आबांच्या घरच्यांनी सकाळी पूजेत मांडली. कोयता, नट आवळायचे पाने, जनरेटर आन् आपली पेटी. सकाळी लाइट हुती, सिग्नल झकास चालला, म्हणून मी बोललो न्हाई. आता लाइट गेली, जनरेटर चालू हाय."

"पेटीखालचं, हादरे अडवायचं रबर?"

"खोलीतच ऱ्हायलं."

"जनरेटर बंद करा."

"मग पेटीबी बंद पडंल."

"मग ती उचला."

फोन जागामालक हौसरावांनी घेतला. "ताई, मांडलेली पूजा उद्या दसऱ्याला हलंल. आन् मांडलीय आमच्या घरधनिणीनं, पुतळाबाईनं. ती गेलीय कवठ्याला, यमाईला. आली की इचारतो."

"आबा, पाहुणे वाटेत आहेत."

"आवो, जावई आला तरी आमी पूजा हलवत न्हाई." मग बाजूला वळून, "काय रं अफताब?"

"माझ्याकडं नका बघू, आबा. तुम्ही म्हणाल तवा उचलतो."

अनुपमाने फोन ठेवला. सरासरी कमी ठोक्यांची घेतली, तर रिसीव्हर थरथरीमागे लवकर धावेल. पण इतक्या लांबून आलेल्या अशक्त प्रकाशातला गोंगाटही त्याला फसवेल. एकदा पाव फेरा चुकला की पुढचं सगळं चुकीचं वाचलं जातं.

तिने ठोके निम्मे केले. पडदा स्वच्छ झाला, मग सिग्नल पुन्हा घसरला. तिने रिसीव्हर पुन्हा जुळवला, ठोके थोडे वाढवले.

दीड वाजता पाहुण्यांची गाडी खाली थांबली. शिरूरला वीज आलेली नव्हती. पुतळाबाईही नाही. जिन्यात पावलं वाजू लागली, तेव्हा सिग्नल शेवटचा घसरून दोन मिनिटं झाली होती; त्यानंतर पडदा अजून स्वच्छ होता.