सुताराने न मारलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. तुमच्या मुठीपेक्षा थोडा मोठा, बाहेरून काळा आणि हातात घेतला तर दिसतो त्याहून जड. दगड म्हणजे एका जागी पडून राहणारा, असं तुम्ही समजत असाल. मला मात्र एका जागी राहणं कधी मानवलंच नाही. माझं मूळच अस्वस्थ आहे.

विश्वाच्या सुरुवातीला सगळं अतिशय तापलेलं आणि दाटीवाटीचं होतं. मग ते पसरू लागलं, पसरता पसरता निवू लागलं, आणि त्यातून अगदी हलके वायू तयार झाले. त्या वायूंचे प्रचंड ढग स्वतःच्याच भाराने आत आत ओढले गेले. त्यांचे गाभे इतके तापले की ते पेटले. तेच पहिले तारे. माझ्यातलं लोखंड अशाच ताऱ्यांच्या पोटात शिजलं. पुढे ते तारे म्हातारे झाले, फुटले, आणि त्यांची राख अंधारात उधळली गेली. त्या राखेत मी होतो, पण एक कण इथे तर दुसरा कोट्यवधी कोस दूर.

मग राखेचा आणि वायूंचा एक ढग आकसत गेला आणि गरगर फिरू लागला. मधोमध सूर्य पेटला. उरलेली धूळ त्याच्याभोवती चकतीसारखी फिरत राहिली. त्या धुळीचे वितळून मोहरीएवढे थेंब झाले, ते गोठून दाणे झाले आणि दाणे एकमेकांना चिकटले. असा मी झालो. पृथ्वी तेव्हा अजून पुरती घडायची होती. आमच्यातले कितीतरी जण आदळत, चिकटत, वाढत ग्रह झाले. आमच्या शेजाराला मात्र गुरू आला. तो एवढा थोरला की त्याच्या ओढीने आम्ही कधी एकत्र नांदलोच नाही. जवळ यायचो आणि टकरा होऊन फुटायचो. माझं ग्रह होणं राहून गेलं ते गेलंच. साडेचारशे कोटी वर्षं मी नुसता वणवण फिरलो. घर नाही की दार नाही.

शेवटी एका धडकेत माझी वाट बदलली आणि एके दिवशी पृथ्वी समोर आली. मनात म्हटलं, आता तरी स्वस्थता मिळेल. हवेत शिरताच माझी कातडी वितळली. बराचसा मी वाटेतच झडून गेलो. राहिलो तेवढा एका गल्लीतल्या शिंपीकाकांच्या दुकानाच्या पत्र्याला भोक पाडून शिलाई मशिनवर पडलो. मशिनची मान मोडली. काकांची बायको त्या मशिनवरून नुकतीच दोरा आणायला उठली होती, म्हणून वाचली.

दुकानात चार मशिनी धडधडत होत्या, बाहेर गाड्यांचा गोंगाट होता. त्यामुळे माझा गडगडाट कोणाला ऐकू आला नव्हता. तो ऐकला फक्त शेजारच्या सुतारमामांनी, आणि काय वाजलं ते पाहायला ते माडीच्या कठड्याशी आले. शिंपीकाका बाहेर धावले, वर पाहतात तर सुतारमामा उभे.

दोघांची वीस वर्षांची मैत्री. पण त्याच आठवड्यात त्यांचं वाजलं होतं. करवतीचा भुसा उडून पांढऱ्या कापडावर बसत होता. काका दोन शब्द जास्त बोलले, तेव्हा मामा रागाच्या भरात म्हणाले होते, "फार बोललास तर त्या मशिनवर दगड घालीन." सगळ्या गल्लीने ते ऐकलं होतं.

"घातलास ना शेवटी दगड?" काका म्हणाले.

"मी कशाला घालू? वर काहीतरी गडगडलं म्हणून बाहेर आलो."

"म्हणजे आभाळातून पडला म्हण की."

"तसंही असेल."

लोक हसले. मित्रांनो, खरं तेच होतं आणि हसू आलं ते त्यालाच.

पोलीस येऊन गेले. साक्षीदार कोणी नव्हता, प्रकरण तिथेच थांबलं. पण गल्ली थांबली नाही. मामांकडे कोणी साधा स्टूलसुद्धा दुरुस्तीला देईना. वर्षाच्या आत त्यांनी दुकान हलवलं आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले.

काकांनी मला पुरावा म्हणून जपून ठेवलं. कापड कापताना सरकू नये म्हणून ते मला वर ठेवत आणि नव्या गिऱ्हाइकाला सांगत, "हा बघा, आमच्या सुताराचा प्रसाद." लोक मला हातात घेत, मान हलवत आणि खाली ठेवत. मला सगळं ठाऊक होतं, आणि सांगायला तोंड नव्हतं. एवढं अवकाश भटकलो, पण त्या टेबलावरची सात वर्षं जितकी जड गेली तितकं काही जड गेलं नाही.

एकदा शाळेतल्या विज्ञानाच्या बाई कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आल्या. सांडलेल्या टाचण्या गोळा करायचा लोहचुंबक माझ्या अंगाला चिकटला होता. तो सोडवता सोडवता त्या थबकल्या.

"काका, हा दगड लोहचुंबकाला धरतोय."

"धरतो तो. पहिल्यापासून."

"मिळाला कुठे?"

"मिळाला कसला, सुताराने मारला. छपरातून आत आला."

बाईंनी मला उजेडात धरून माझी काळी कातडी न्याहाळली. "आठ दिवस देता का मला?"

त्यांनी मला जाणकारांकडे नेलं. तिथे माझा एक कोपरा कापला. आत माझे दाणे होते, थेंब गोठला तेव्हा होते तसेच. बाई परत आल्या आणि म्हणाल्या, "काका, हा उल्कापाषाण आहे. हा दगड आभाळातूनच पडलाय."

काका खाली बसले. काकू म्हणाल्या, "सात वर्षं आपण त्या माणसाला..." त्यांनी हातातलं शिवण खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "उठा. चपला घाला."

मामांचं नवं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. ते एका स्टुलाचा पाय बसवत होते. काकांनी मला रंध्याशेजारी ठेवलं.

"हा आभाळातून पडला होता," ते म्हणाले.

"मी तेव्हाच सांगितलं होतं."

"हो. तू सांगितलं होतंस."

मामांनी मला उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "याला मी आज पहिल्यांदा हात लावतोय."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मामांनी त्यांना रडू दिलं, समजूत घातली नाही. डोळे पुसून काका म्हणाले, "गल्लीत परत ये."

"आता नाही जमायचं. इथे चार माणसं जोडलीत. तू येत जा." मग मला पुढे करत म्हणाले, "हा दुकानात ठेवू नकोस. शाळेत दे. पोरांना सगळं सांगायला सांग, माझ्यासकट."

म्हणून मी तुमच्यात आलो. मला हात जरूर लावा, पण कोरडा. ओल लागली की आतलं लोखंड गंजतं. आणि तुमच्या रक्तातलं लोखंडही ताऱ्यांच्या पोटातूनच आलंय, तेव्हा आपण लांबचे का होईना, नातलग आहोत. त्या नात्याने एकच मागतो. कोणाकडे बोट दाखवायला माझ्यासारखा मुका दगड पुरावा म्हणून उचलाल, तेव्हा आधी त्याला नीट निरखून पाहा. आणि सगळे मिळून एका माणसाला हसत असतील, तर गप्प बसू नका. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.