सिमेंट, चांदी आणि निळा उजेड

मित्रांनो, मी जिथे राहते तिथे उजेड येतो तो फक्त हसताना आणि जांभई देताना. मी एक जुनी दाढ आहे, आसगावच्या सत्यभामाबाईंच्या खालच्या जबड्यातली. आमच्याकडे धान पिकतं, म्हणून माझं आयुष्य भात चावण्यात गेलं. सोबत लाखोळीची डाळ आणि तळ्यातले शिंगाडे.

दातावरचं कवच हाडापेक्षाही टणक असतं. तरीही मला कीड लागली. सत्यभामाबाईंना धानाच्या रोवणीला जाताना गालात गुळाचा खडा धरायची सवय होती आणि रात्री चूळसुद्धा न भरता त्या झोपत. आधी एक काळा ठिपका पडला, मग खड्डा झाला.

गावच्या शाळेत दातांचं शिबिर भरलं, तेव्हा पहिल्यांदा माझ्यात सिमेंट भरलं. काचेची बारीक पूड आणि एक आंबट पाणी, एवढंच. पण ते मला असं बिलगलं की कुठे मी संपते आणि कुठे ते सुरू होतं, हे मलाच कळेना. शिवाय किडीला अडवणारं औषध ते हळूहळू सोडत राही. स्वभावानं फार मायाळू, पण अंगात जोर कमी. रोजच्या चावण्यानं ते झिजत गेलं आणि खड्डा पुन्हा उघडा पडला.

मग पवनीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी चांदी भरली. तो दिवस मी विसरूच शकत नाही. पाण्यासारखा पळणारा पारा आणि चांदीची पूड त्यांनी छोट्या खलात घोटली आणि बघता बघता त्यांचा लोण्यासारखा गोळा झाला. तो मऊ गोळा माझ्यात दाबून बसवला, आणि दुसऱ्या दिवशी तो दगड झालेला! धातू असा रूप बदलतो, हे बघून मी थक्क झाले.

चांदीनं किती वर्षं काढली! तिच्या जोरावर सत्यभामाबाईंनी सुना आणल्या, नातवंडं खेळवली. पण चांदी दाताला चिकटत नाही, नुसती अडकून बसते. तिला अडकवण्यासाठी माझा चांगला भागही कोरावा लागला होता. माझ्या भिंती पातळ झाल्या होत्या. यंदा भातात खडा आला, 'कट' असा आवाज झाला आणि माझी एक भिंतच कोसळली.

मी डावीकडची; उजव्या बाजूच्या दाढा कधीच गेल्या होत्या. आता बाई डाळीत भात कालवून नुसता गिळू लागल्या. त्यांचे यजमान गोमाजी म्हणाले, "उपटून टाक तिले. कायले जीव जाळून राहिली?"

बाईंनाही ते पटलं. नात टीनाला सोबत घेऊन त्या भंडाऱ्याला गेल्या. तिथल्या डॉक्टर डिंपल वयानं लहान, पण हात फार हलका.

"काढूनच टाका जी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मेलीच हाये ते."

मी जिवंत होते, पण दाढेला कुठे बोलता येतं? डॉक्टरांनी थंडगार कापूस मला लावला. कळ सणकन आत गेली आणि बाई खुर्चीतून उसळल्या.

डॉक्टर हसल्या. "मेलेली दाढ अशी ओरडते काय मावशी? जिवंत आहे. काहून काढू मी?"

"मंग चांदीच भरा. लय टिकली."

"टिकली, खरं आहे. पण आता भिंतच गेली, चांदी धरून राहील कशाला? सिमेंट चिकटंल, पण तुमच्या चावण्यापुढं टिकायचं नाही. हिला धरून ठेवणारा पांढरा मसाला लागते. फक्त त्याला भरताना ओल चालत नाही, म्हणून आ करून बसा लागंल."

जुनी चांदी तुकड्यातुकड्यानं निघाली. भोवती रबराचा पडदा ताणला आणि जन्मात पहिल्यांदा मी कोरडी झाले. मग मसाल्याचा एकेक पातळ थर, आणि प्रत्येक थरावर निळा उजेड. मित्रांनो, त्या उजेडाला ना आच होती ना आवाज, तरी मऊ मसाला क्षणात कडक होत गेला. कोसळलेली भिंत उभी राहिली, माझ्याच रंगाची! हा मसाला किती वर्षं साथ देईल, ठाऊक नाही. त्या वेळी मात्र मी फक्त बघत राहिले.

"आता आरशात बघा," डॉक्टर म्हणाल्या. बाई बघत राहिल्या. "कोनती भरली, तेच दिसत नाही व माय!"

टीना जवळ येऊन वाकून बघत होती. डॉक्टर तिला म्हणाल्या, "तू पण आ कर." तिच्या तोंडात बघून त्यांनी सत्यभामाबाईंना बोलावलं. "ही बघा, मागं नवी दाढ आली. सहाव्या वर्षी येते. लोक दुधाची समजून सोडून देतात. ही गेली तर दुसरी येत नाही."

सत्यभामाबाई वाकल्या. नवलानं त्यांचंही तोंड उघडंच राहिलं, आणि तेवढ्या उजेडात मला ती दिसली. अर्धी हिरडीतून वर आलेली, ओली, पांढरीशुभ्र. एकही ओरखडा नाही. मी सिमेंट पाहिलं, चांदी पाहिली, निळ्या उजेडाची करामत पाहिली, पण असं काही कोणत्याच डॉक्टरला घडवता येणार नाही.

"आजपासून रातच्याला मी घासून देईन तुहे दात," बाई टीनाला म्हणाल्या. "अन् माहेबी."

मित्रांनो, तुमच्याही तोंडात अशी एक दाढ आहे. आज झोपण्याआधी तिला एकदा जिभेनं चाचपून बघा, आणि मग ब्रश हातात घ्या.