टवका उडालेल्या साच्याची साक्ष

मी एक जुना, पोटावर टवका उडालेला लाकडी साचा आहे. फुग्याचा साचा! हसू नका हं मित्रांनो. तुमच्या वाढदिवसाला लटकतात ते फुगे काय झाडाला लागतात? आमच्या डहाणूत ते साच्यांवर जन्मतात. आम्हाला फळीला उलटं टांगायचं, रबराच्या दुधात बुडवायचं, वाळवायचं आणि मग शंखजिऱ्याची पूड चोळून अंगावरची पातळ साल सोलून काढायची. तोच फुगा. माझा फुगा पुढे कुठे जातो, कोण फुगवतं, कोण फोडतं, हे जाणून घ्यायची मला भारी हौस होती. पण सांगणार कोण? साच्याला कुणी पत्र पाठवत नाही.

माझा जन्म २०१३ सालचा, दिवाळीनंतरचा. तेव्हा अमृतशेठच्या छोट्या कारखान्यातले फुगे गाठ मारताना गळ्याशीच फाटायचे. शेठ बायांवर ओरडायचे आणि बाया रबराला शिव्या द्यायच्या. फुगे सोलणारी जिवली मात्र फाटलेला फुगा हातात घेऊन विचार करत बसायची. ती वाणगावजवळच्या पाड्यावरून कामाला यायची. एके दिवशी तिनं साचे कातणाऱ्या भिकाला गाठलं.

"भिकादादा, गळ्याशी एक खाच पाड ना. रबर तिथं जास्ती साचंल. गळा जाड होईल."

"शेठला विचारलंस?"

"तू पाड तर! नाय जमलं तर चुलीत घाल."

तो चुलीत घालायचा साचा म्हणजे मी! खाच पाडली आणि गळा फाटायचा थांबला. शेठनी लगेच सगळ्या साच्यांना तशी खाच पाडून घेतली. कल्पना कुणाची, हे कुणी विचारलं नाही. जिवलीही बोलली नाही. मला मात्र तेव्हापासून चुटपुट लागून राहिली.

महिन्याभरातच मी फरशीवर आपटलो आणि पोटाचा चिकूच्या बीएवढा टवका उडाला. झालं! माझ्या प्रत्येक फुग्यावर तेवढाच एक फुगीर ठिपका उठू लागला. वाणगावच्या एका शाळेच्या रौप्यमहोत्सवाचे फुगे माझ्यावर निघाले, त्यावर तारीखही छापली होती, पण ठिपका पाहून शेठ असे भडकले की मी थेट अडगळीत गेलो. मला फार वाईट वाटलं. पुढे ॲल्युमिनियमचे साचे आले आणि आम्हा लाकडी साच्यांची रवानगी बंबात होऊ लागली. जिवलीनं मला ढिगातून उचललं, घरी नेलं आणि कुडाच्या भिंतीत खुंटी म्हणून ठोकलं. तिच्या मुलीचं, निर्मलाचं दप्तर अकरा वर्षं माझ्या गळ्यात होतं. खाच असल्यामुळे त्याचा पट्टा कधी घसरला नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी शेठची मुलगी दक्षा घरी आली. ती नुकतीच वकील झालेली. चहाला हातही न लावता म्हणाली, "जिवलीमावशी, कारखाना बंद पडायची वेळ आलीय."

मी कान टवकारले. म्हणजे कान असते तर टवकारले असते.

एका मोठ्या कंपनीनं त्याच गळ्याच्या खाचेचं पेटंट घेतलं होतं. २०१९ मध्ये अर्ज, दहा महिन्यांपूर्वी मंजुरी, आणि मंजुरीपाठोपाठ शेठना नोटीस. खाच वापरणं थांबवा, नाहीतर भरपाई द्या!

"पेटंट म्हंजे काय गं?" जिवलीनं विचारलं. बरं झालं, मलाही तेच विचारायचं होतं.

"नव्या युक्तीवरचा हक्क. अर्जापासून वीस वर्षं दुसऱ्यानं ती वापरायची नाही. पूर्वी हे अर्ज वर्षानुवर्षं पडून असायचे, आपल्यासारख्यांच्या वाटेला कुणी जात नसे. आता नियम बदलले, पडून राहिलेले अर्जही झटपट तपासले जातात. हक्कही लवकर मिळतो आणि नोटीसही. पप्पांना वाटलं, आपण लहान, आपल्याला कोण विचारतंय! नोटीस तशीच पडून राहिली."

"पण खाच तर आपलीच. कधीपासनंची!"

"तेच सिद्ध करायचंय. युक्ती अर्जाच्या आधीपासून सगळ्यांसमोर वापरात असेल, तर पेटंट रद्द होऊ शकतं. मंजुरी जाहीर झाल्यापासून वर्षाच्या आत हरकत घ्यायची असते. दोनच महिने उरलेत. आणि पप्पांनी जुने साचे सगळे जाळले."

अठरा बायांचं काम जाणार होतं. जिवली उठली, दप्तर काढलं आणि मला भिंतीतून उपटलं. "हा घे. पहिला साचा."

दक्षाचा चेहरा खुलला, पण लगेच पडला. "यावर तारीख कुठेय?"

जिवलीनं पावडरीचा एक डबा आणला. शंखजिऱ्यात पुरलेले रौप्यमहोत्सवाचे पाच फुगे. निर्मलाला शाळेत मिळालेले म्हणून जपलेले. चार फुगे हात लावताच तुटले, पाचवा मात्र मऊ होता. दक्षा तो न्याहाळत बसली आणि जिवलीनं मला धुवून दगडावर घासायला घेतलं. माझा टवका घासून साफ करायला!

"सायबासमोर असा फुटका कसा न्यायचा?" ती म्हणाली.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. त्या दिवशी फार वाटलं, यावं.

"मावशी, फुग्यावर हा ठिपका कसला?"

"ह्याच्या टवक्याचा. शेठ किती ओरडला होता!"

"थांबा!" दक्षा किंचाळली. "अजिबात घासू नका!"

दक्षानं मुदतीत हरकत घेतली आणि सुनावणी संगणकाच्या पडद्यावर झाली. डहाणूत आम्ही, पलीकडे पेटंट कार्यालयाचे अधिकारी आणि कंपनीचे वकील. वकिलांनी विचारलं, हा फुगा याच साच्याचा कशावरून? जिवलीनं फुगा तळहातांत ऊब देऊन सैल केला आणि हळूहळू फुंकला. फुटला असता तर सगळंच संपलं असतं. अक्षरं उमलली, २६ जानेवारी २०१४. जाड गळा दिसला, ठिपका दिसला. तिनं मला शेजारी धरलं. टवका आणि ठिपका, आकार तोच, गळ्यापासूनचं अंतर तेच!

अधिकाऱ्यांनी मग शेठना विचारलं, "ही खाच सुचली कुणाला?"

शेठ जिवलीकडे बोट करून म्हणाले, "हिला. मी कधी सांगितलं नाही. चूक झाली."

चार महिन्यांनी निकाल आला, पेटंट रद्द! शेठ मला काचेच्या कपाटात ठेवणार होते. जिवली म्हणाली, "नको शेठ, निर्मलाची पिशवी कुठं टांगू?"

मित्रांनो, तुमच्या आसपास कुणाला नवं काही सुचलं, तर त्याचं नाव आणि तारीख तेव्हाच लिहून ठेवा. जुनं, फुटकं जाळण्याआधी एकदा नीट बघा. दक्षानं माझ्या दांड्यावर लिहिलंय, 'कल्पना : जिवली, २०१३'. त्या रात्री पिशवी अडकवताना जिवलीनं ते दोनदा वाचलं आणि मला म्हणाली, "मला वाटलं, शेठ विसरला."

मी विसरलो नव्हतो.