मास्तरांचे ओठ

त्या पत्राला मास्तरांनी उत्तर पाठवलं नव्हतं. विसरले म्हणावं, तर तेही नाही. पत्र खूण म्हणून ते हातातल्या पुस्तकात घालत, आणि पुस्तक बदललं की पत्रही मुक्काम हलवी. शिक्षकांना वाचन-तज्ज्ञ करणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. ज्या मुलांचं अक्षरांशी जमत नाही, त्यांना वाचतं कसं करायचं ते तिथे शिकवत. मास्तरांच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने परस्पर त्यांचं नाव सुचवलं होतं आणि अभ्यासक्रमाच्या प्रमुख बाईंनी लिहिलं होतं, 'येणार का, ते कळवा.'

जायचं मनातून फार होतं. पण केस पिकलेले आणि वर्गात सगळी लेकीच्या वयाची मंडळी! 'आपल्याला काय जमणार?' इथे मास्तरांची गाडी नेहमीच अडायची.

लेक मात्र त्याच अभ्यासक्रमाला जात होती.

"बाबा, बाई दर आठवड्याला विचारतात, वडील बरे आहेत ना गं? उत्तर नाही आलं."

"सांग, विचार चालू आहे."

"एवढ्या विचारात एक ग्रंथ झाला असता!"

त्या दिवशी तिने सरावासाठी शेजारची चिमणी नावाची पोर घरी आणली. शाळेने 'हिला वाचता येत नाही' म्हणून हात टेकले होते. मुलाने मोठ्याने वाचायचं, शिक्षकाने आपल्या कागदावर बरोबर शब्दावर खूण करायची, चुकला तर चूक टिपायची, आणि काही झालं तरी शब्द सांगायचा नाही, अशी तिथली रीत. मास्तर कौतुकाने समोर बसले.

चिमणी घडाघडा वाचू लागली. लेकीची मान कागदावरून वर येईना, नुसत्या बरोबरच्या खुणा! तेवढ्यात मास्तरांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि चिमणी थांबली. कप खाली आला, चिमणी सुरू. कप वर, चिमणी गप्प.

"काय झालं गं?" लेकीने विचारलं.

"आजोबांना कप खाली ठेवायला सांग ना. दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"गोष्ट."

लेकीने वडिलांकडे पाहिलं. "बाबा! ओठ!"

वाचताना ओठांतल्या ओठांत पुटपुटायची मास्तरांची जन्माची खोड. समोरचं उलटं पुस्तकही त्यांना सुलटं दिसे, आणि चिमणी पुस्तक सोडून त्यांचे ओठच वाचत होती. लेक पोट धरून हसू लागली, पण मास्तरांचा चेहरा पडला.

"म्हणून मी जात नाही तिथे. बघ, पोरीचा सराव बिघडवला." ते उठले.

"आजोबा, जाऊ नका! मग मी कशी वाचणार?"

हे मास्तरांना चांगलंच लागलं. ते उभेच राहिले, मग काहीतरी सुचल्यासारखे पुन्हा बसले. ओठ हलले.

"बोका पुलावरून निघाला," चिमणी म्हणाली.

"बोकाच का? बोट ठेव बघू. मी थापाही मारतो हं."

चिमणीचं बोट शब्दावर गेलं. "को... कोल... कोल्हा! आजोबा, चुकलात!"

मग काय, आजोबांना पकडायचा खेळच सुरू झाला. मास्तर कोल्ह्याची म्हैस करत, पुलाचा माळा, आणि चिमणी दर वेळी पुस्तकात डोकं घालून त्यांना खोटं पाडे. वेग गोगलगायीचा, पण डोळे पानावर. शेवटची ओळ तिने वर न बघताच वाचली. मास्तरांचे ओठ तेव्हा मिटलेले होते.

"बाबा, तुमच्या चुकांना वेगळा रकाना लागणार," लेक म्हणाली. "कुठे शिकलात हे?"

"शिकलो कुठे? चुकलो."

"मग आता तिथे येऊन रीतसर चुका!"

माफीचे दोन-तीन कागद फाडून मास्तरांनी अखेर लिहिलं, 'येतो. उशीर झाला. ओठांना वळण लावायचं आहे, तेवढं सांभाळून घ्या.' पाकीट घेऊन ते निघाले, तर चिमणी उड्या मारत मागे.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीवरच्या अक्षरांवर तिने बोट ठेवलं. "ट... टपा..." तिने सवयीने वर पाहिलं.

मास्तरांनी एका हाताने तोंड झाकलं.

"टपाल!" चिमणी ओरडली, आणि मास्तरांनी दुसऱ्या हाताने पाकीट आत सोडलं.