एक आत, एक बाहेर

लॅम्पशेड म्हणे. शहरातली माणसं दिव्याला टोपी घालतात आणि त्या टोप्या विणायच्या मी, इथे उधव्यात बसून.

आधी मी आणि माझी थोरली जाऊ बुधीबाई भाताच्या कणग्या विणायचो, पुरुषभर उंच. विवळवेढ्याच्या जत्रेत लोक विचारायचे, सोनी-बुधीची कणगी कुठंय. एकीने आत बसायचं, दुसरीने बाहेर, अशी आमची रीत. मी आतून बांबूची कामटी सारायची, ती बाहेरून ओढून परत आत द्यायची. तोंडं चालूच. अख्ख्या गावाची उणीदुणी विणलीत आम्ही त्यांत.

मग घरोघरी पत्र्याच्या कोठ्या आल्या. कणगी कोण घेणार? डहाणूची दुकानवाली दक्षा म्हणाली, "मावशी, तुम्हाला काय येतं ते राहू दे, बाजाराला काय हवं ते बघा." बाजाराला टोप्या हव्या होत्या. ते एकटीचं काम. मला जमलं. बुधीबाईची बोटं जाड, तिच्या टोप्या परत यायला लागल्या. एक दिवस माझं डोकं फिरलं.

"बाय, तू राहू दे. तुझ्यापायी माझंही नाव जातंय."

तिने कोयता पुसून ठेवला आणि वेवजीला लेकीकडे निघून गेली. माझा धंदा वाढला. घरात बोलायला मात्र कोणी उरलं नाही. माझ्यासारख्या तापट बाईला एकटेपण फार खातं, भांडायचं तरी कोणाशी?

परवा दक्षा आली. एका रिसॉर्टला मोठी कणगी हवी, पाहुण्यांना आत बसून फोटो काढायला. मी चपला घातल्या आणि थेट वेवजी गाठली. खरं सांगते, कणगी निमित्त होती, मला बुधीबाई हवी होती. पण माझं मेलं तोंड.

"बाय, ऑर्डर आलीय. चल."

ती तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "ऑर्डर आली म्हणून आलीस. दोन वर्षं मी वाट बघितली, तू नुसतीच येशील म्हणून."

चहा दिला तिने. आली नाही.

आता कणगी कमरेएवढी झालीय. आतून कामटी सारते, काठ ओलांडून बाहेर येते, ओढते, परत आत जाते. काल नादात आत बसूनच म्हणाले, "घे गं बाय." आणि कामटी धरून थांबले.

कोणी ओढली नाही.