धूर बसून राहतो

"घे, हुंग! येतोय का वास? सांग ना, येतोय का?"

मोठ्या दिरांनी जॅकेटची कॉलर ताईंच्या तोंडावर दाबून धरली होती. दुसरा हात त्यांच्या मानेमागे. ताईंचे पाय फरशीवर घसरत होते. मी बाळीला कडेवर घेऊन दारात उभी. ती कुरकुरली तेव्हा मला कळलं, की मी तिचं डोकं माझ्या खांद्यात फार जोराने दाबून धरलंय.

"येतोय," ताई कापडातूनच म्हणाल्या.

"मग काल काय झोपा काढत होतीस?"

आणि कानाखाली. एक, मागोमाग दुसरी. तिसरीला ताई कपाटावर आपटल्या. कपाटाचं दार त्यांच्या पाठीमागे कितीतरी वेळ थडथडत राहिलं.

"अरे, हळू," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "शेजारी ऐकतात."

मारू नकोस, असं त्या म्हणाल्या नाहीत. हळू, म्हणाल्या.

"काल फाटकावर म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर माझी कॉलर नाकाला लावली," दीर ओरडले. "म्हणतो, आज सोडतो, पुन्हा वास आला तर आत पाय ठेवायचा नाही. मला येत नाही वास, त्या थेरड्याला बरा येतो! नोकरी गेली तर खाणार काय? हिचे मखमलीचे चिंधोटे?"

ताई उठल्या, त्यांनी जॅकेट झटकलं आणि बाहेर गॅलरीत नेऊन दोरीवर टाकलं. ओठ फुटला होता. रक्त कापडावर पडू नये म्हणून त्यांनी मान बाजूला वळवली होती, एवढंच मला दिसलं.

ताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. आमच्या घरातले दोन्ही भाऊ रंग आणि थिनरच्या एकाच गोदामात कामाला. तिथे काडी पेटवायला सक्त बंदी. आत गेल्यावर अंगात जाड जॅकेट आणि हातमोजे घालायचे, बाहेर पडताना काढायचे, आणि ज्याने त्याने आपले घरी नेऊन जपायचे. त्या जॅकेटवर आग लवकर धरू नये म्हणून लेप असतो. पाण्यात बुडवलं की लेपाचे पापुद्रे सुटतात, म्हणून धुवायचं नाही. जॅकेट फक्त आतच घालतात, तेव्हा त्याला धुराचा वास आला तर त्याचा अर्थ एकच. संध्याकाळी सुटताना सगळ्यांच्याच अंगाला थिनर घमघमत असतो, त्यात कुणाचं काय कळणार? म्हणून फाटकावरचा म्हातारा सकाळी, आत जाताना, खिसे चाचपतो आणि कॉलर हुंगतो. थिनर रातोरात उडून जातो. धूर बसून राहतो.

"बाहेर दोस्तमंडळी ओढतात," दिरांनी ताईंना सांगितलं होतं. "जॅकेट हातात असतं, त्याला बसतो धूर. तू काढतेस ना राजेराण्यांच्या कपड्यांचा? माझ्याही काढ."

ताई नाट्यगृहाच्या कपडेपटात होत्या. मखमली झगे, कलाबतूचे अंगरखे, कॉलरीत कडक कापड शिवलेले लांब कोट. यातलं काहीच धुता येत नाही. रंग उतरतो, अस्तर आकसतं, भरतकाम विस्कटतं. आणि नटांना विंगेत सिगरेट हवी.

"आमचा राजा तिसऱ्या अंकात मरतो," त्या मला सांगायच्या. "मेला की लगेच विंगेत येऊन पेटवतो. तो तिकडे धूर सोडत उभा आणि इकडे राणी त्याच्या नावाने ऊर बडवते. मी म्हणते, बाई गं, आधी त्याचा झगा काढून घे, मग रड."

आमच्या घरात एवढं हसू दुसऱ्या कशाने आलं नाही. दीर घरात नसताना आम्ही हसून घ्यायचो.

त्या दिवशी गोदामाला सुट्टी होती, दोघं भाऊ बाहेर पडले होते. दुपारी बाळी झोपल्यावर मी ताईंना मदतीला गेले. खरं तर मला त्यांच्या ओठाला बर्फ लावायचा होता, पण त्यांनी बर्फ बाजूला ठेवून माझ्या हातात ब्रश दिला.

"आतली बाजू बाहेर कर. वरून खाली ओढ, उलटं नको. धूर वर नसतो गं, अस्तरात जाऊन बसतो. काखेत नि कॉलरीत. सासरी आलेल्या पाहुण्यासारखा, उठायचं नावच नाही."

"अत्तर मारलं तर?"

"अत्तर मारलं की दोघं मिळून संसार थाटतात. मग बघायला नको."

ब्रश झाला की त्या सोड्याच्या पुरचुंड्या करत. पातळ कापडात खायचा सोडा बांधून काखेत एक, कॉलरीत एक, आणि बाह्यांत सैल दोन. मग पत्र्याच्या पेटीत बंद. पुढे वारं. अस्तराला दुरून वाफ. शेवटी पाण्यात थोडं स्पिरिट घालून फवारा, तोही वीतभर लांबून. आणि मग नाक. नाक लावून डोळे मिटायचे. ताईंचा चेहरा त्या वेळी असा व्हायचा, जसा माझा बाळीला ताप आहे का बघताना होत असेल.

"हातमोजे राहिले," मी खिशातून काढून दिले.

त्यांनी एकेक बोट उलटं करायला घेतलं. मधल्या बोटातून काहीतरी फरशीवर पडलं. मी आधी ओळखलंच नाही. चिरडलेलं थोटूक होतं. टोक काळं, आणि हातमोज्याच्या आत बोटाच्या शेंड्याला जळून पिवळा डाग.

ताईंनी हातमोजा उजेडाकडे धरला.

"हातमोजे बाहेर घालत नाहीत ना गं?"

"नाही. पिंपं उचलतानाच."

"पिंपं उचलतानाच," त्या म्हणाल्या. मग वर बघून, "धाकटे, तुझा नवरा कुठे असतो?"

मला तशीही सगळ्याची भीती वाटते. बाळी पाळण्यातून पडेल, हे रस्त्यात गाडीखाली येतील, दूध नासलेलं असेल. पण त्या भीतीला कधी असं बोट दाखवता आलं नव्हतं. "आतच," मी म्हणाले. "थिनरच्या बाजूला. दोघंही तिथेच."

"आणि मी यांचा वास काढते." ताईंनी थोटूक उचलून तळहातावर घेतलं. "मी काढते म्हणून हे ओढतात. पहिल्याच दिवशी पकडले गेले असते तर ओढली असती का?"

"मी ह्यांना सांगते."

"सांग. मग तो जाऊन भावाची गचांडी धरेल, तीही पिंपांमध्ये. हे कबूल करणार नाहीत. उलट तुझ्या नवऱ्यालाच खोटा पाडतील."

"मग?"

त्या उठल्या. सोड्याच्या पुरचुंड्या सोडून सोडा त्यांनी परत डब्यात भरला. मला वाटलं, त्या आता रडतील. पण त्यांनी जॅकेट गॅलरीत वाऱ्यावर नीट पसरलं, संध्याकाळपर्यंत ठेवलं, आणि थिनर पार उडाल्यावर आत आणलं. मग ते घट्ट घडी करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, शेगडीशेजारच्या उबेत ठेवून दिलं. काय चाललंय ते मला उमगलं. वास काढायला त्या जे जे करत, ते सगळं त्यांनी आज उलटं केलं होतं.

"ताई, मार पडेल."

"वास काढला तरी पडतो गं."

सकाळी त्यांनी जॅकेट झटकून, ब्रश फिरवून, बटणं लावून दिरांच्या हातात दिलं. दिसायला नवंकोरं. दिरांनी कॉलर नाकाशी नेली, मग काख. मी बाळीला भरवत होते, माझा चमचा हवेतच राहिला. मला दोन हातांवरून येत होता तो कोळपलेला, कडवट वास. पण वर्षानुवर्षं ओढणाऱ्या माणसाचं नाक ते.

"आज जमलंय," ते म्हणाले. "मार खाल्ला की जमतं तुला."

"हो," ताई म्हणाल्या.

दीर दुपारच्या आत परत आले. पायऱ्यांवर पावलं वाजली आणि ती कुणाची, कशी, हे ताईंनी ऐकलं. त्यांनी हातातलं शिवण बाजूला ठेवलं. सुई उशीत टोचली, मग उठल्या. मला म्हणाल्या, "पोरीला आत ने. कडी लाव."

मी बाळीला आतल्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली. ती दार बडवायला लागली. मी वळले तोवर दीर आत आले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ताईंना केसांना धरून खाली वाकवलं आणि त्यांचं तोंड शिवणाच्या टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. मग केस धरून वर उचललं, चेहरा बघितला, आणि पुन्हा. आवाज ओली फांदी मोडल्यासारखा आला. टेबलावर पांढरा झगा पसरलेला होता, त्यावर रक्त पडलं आणि ताईंचा हात चाचपडत पुढे गेला. स्वतःला सावरायला नव्हे. त्यांनी तो झगा बाजूला सारला.

मी दिरांच्या पाठीवर जाऊन पडले. त्यांनी कोपराने मला झटकलं, माझं डोकं भिंतीवर आदळलं. मी किंचाळत होते, आत बाळी किंचाळत होती. सासूबाई मधल्या दारात चौकटीला धरून उभ्या. दीर आता लाथांनी मारत होते, पोटात, बरगड्यांवर, आणि ताई गुडघे छातीशी घेऊन प्रत्येक लाथेबरोबर सरकत भिंतीला लागल्या.

"नोकरी घालवलीस! मुद्दाम घालवलीस!"

"मुद्दाम," ताई म्हणाल्या. नाकातोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते, तरी स्पष्ट म्हणाल्या. "आत ओढता तुम्ही. पिंपांपाशी. तुमचा भाऊ तिथे असतो. या पोरीचा बाप."

लाथ वरच्या वर थांबली. दिरांनी आईकडे बघितलं. सासूबाईंनी चौकट सोडली.

"खरं?" त्यांनी विचारलं.

"अगं आई, एखादी. कोपऱ्यात. काही होत नाही."

तेवढ्यात खालचा प्लंबर दारात येऊन उभा राहिला. आडदांड माणूस, हातात मोठा पाना. तो आत आला नाही. नुसता दार अडवून उभा राहिला. नंतर बाजूला झाला, आणि दीर त्याच्या शेजारून, खांदा लागू न देता, निघून गेले. ते अजून परतलेले नाहीत. कुठल्याशा गावी गाडीवर हमाली करतात म्हणे.

सासूबाई खाली बसल्या. पदराने ताईंचं तोंड पुसत म्हणाल्या, "घालवलीस माझ्या पोराची नोकरी." पुन्हा पुसलं. "दुसऱ्याला राखलंस." एकाच हाताने, एकाच पदराने त्या दोन्ही बोलल्या. ताईंनी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. संध्याकाळी माझा नवरा घरी आला तेव्हा मात्र सासूबाईंनी त्याचा हात धरला तो ताटातलं जेवण गार होईपर्यंत सोडला नाही. तो डाव्या हाताने जेवला.

ताईंचं नाक दवाखान्यात सरळ केलं. बरगडीला पट्टा. सूज उतरल्यावर त्या कामावर रुजू झाल्या, पण राहिलेले कपडे घरी घेऊन येऊ लागल्या. पूर्वी फक्त शिवणाचे आणत, वास काढायचे कधीच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "घरी उजेड बरा."

काल संध्याकाळी मी बाळीला अंघोळ घालत होते. ताई शेगडीपाशी, राजाच्या काळ्या मखमली कोटाला ब्रश मारत उभ्या. मी न्हाणीघरातूनच ओरडले, "ताई, दूध!" पण नळाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसावं. करपल्याचा वास पार न्हाणीघरात आला होता. बाळीला टॉवेलात गुंडाळून धावत गेले. दूध उतू जाऊन आटलं होतं, पातेल्याचं बूड लाल, घरभर धूर. आणि ताई त्या धुराला पाठ करून, दोन पावलांवर, शांतपणे वरून खाली ब्रश ओढत होत्या.

मी गॅस बंद केला. त्यांनी वळून पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"तेव्हापासूनच. काहीच नाही येत. परवा डॉक्टर म्हणाले, आता येईलसं वाटत नाही."

"कपडेपटात माहीत आहे?"

"माहीत असतं तर कोट दिला असता का?"

मी खिडकी उघडली. पातेलं नळाखाली धरलं, ते चर्रकन वाजलं. बाळी टॉवेलातून ताईंकडे झेपावत होती, पण त्यांचे हात कोटात अडकले होते. त्यांनी एकदा कोटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. या बाईला मागायची सवय नाही. मग त्यांनी कोटाचं अस्तर उलटं केलं, काखेचा भाग दोन्ही हातांत ओंजळीसारखा धरला आणि माझ्यापुढे केला.

मी बाळीला खांद्यावर घेतलं, वाकले, डोळे मिटले. करपलेल्या दुधाच्या पलीकडे जायला वेळ लागला. ताई श्वास धरून उभ्या होत्या, तो मला ऐकू येत नव्हता म्हणून कळलं.

"डाव्या काखेत आहे अजून," मी म्हणाले. "थोडासाच. पण आहे."

"बरं," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा ब्रश उचलला.